शलोमो हामेलेखचे शहाणपण आणि कपाटाची किल्ली

(एलूल महिन्यात, शोफेतीम पाराशाच्या शाब्बाथला हवदाला झाल्यावर आपल्या सिनेगॉगच्या सभागृहात झालेल्या प्रवचनाचे हे ध्वनिमुद्रणावरून केलेले शब्दांकन आहे. वक्ते आपल्या संस्थेचे माजी खजिनदार आहेत.)



या आठवड्याच्या पाराशावर मी बोलावे, अशी समितीने विनंती केली तेव्हा मी प्रथम नकार दिला होता. मी हाखाम नव्हे आणि हझानही नव्हे. मुंबईतील एका कापड गिरणीच्या हिशेब खात्यात माझी उमेदीची वर्षे गेली आणि या देशात आल्यावरही आकडेमोडीवरच माझा संसार चालला. परंतु पाराशा शोफेतीम आहे हे लक्षात आल्यावर मी होकार कळविला. या पाराशात राजाविषयी जे मोजके पासूक आहेत, त्यांनी गेली काही वर्षे मला स्वस्थ बसू दिलेले नाही. शिवाय या सभागृहाचे माझ्यावर एक देणे आहे. ते कोणते, हे मी बोलण्याच्या ओघात सांगेनच.

आजचा प्रश्न साधा आहे. अविचारी माणूस मोहाला बळी पडतो यात नवल काही नाही. परंतु ज्याला बरे-वाईट उत्तम कळते, जो इतरांचे तंटे सोडवितो, ज्याच्या तोंडचे बोल पिढ्यान् पिढ्या पाठ केले जातात, अशा माणसाचा पाय का घसरावा? आपल्या इतिहासात या प्रश्नाचे सर्वांत मोठे उदाहरण एकच आहे, ते म्हणजे शलोमो हामेलेख.

तोराने राजाला घातलेल्या मर्यादा

देवारीमच्या 17 व्या अध्यायात तोरा सांगते की, इस्राएल लोकांना राजा हवाच असेल तर त्यांनी तो आपल्या बांधवांतूनच नेमावा. मग त्या राजावर तीन मर्यादा घातल्या आहेत. त्याने घोड्यांची संख्या फार वाढवू नये, आणि घोड्यांसाठी लोकांना पुन्हा मिसर देशाकडे वळवू नये. त्याने पुष्कळ बायका करू नयेत, कारण त्यामुळे त्याचे अंतःकरण बहकेल. आणि त्याने आपल्यासाठी सोन्या-रुप्याचे ढीग साठवू नयेत.

या तीन निषेधांनंतर एक आज्ञा येते. राजाने तोराची एक प्रत स्वतःसाठी लिहून घ्यावी, ती सदैव जवळ बाळगावी आणि जन्मभर रोज वाचावी. कशासाठी? तर आपल्या भाऊबंदांहून आपण उंच आहोत असे त्याच्या मनाने घेऊ नये म्हणून.

आजूबाजूच्या राष्ट्रांत त्या काळी राजाचा शब्द हाच कायदा होता. आपल्याकडे मात्र कायदा आधी आला आणि राजा नंतर. सिंहासनावर बसणाऱ्यालाही रोज सकाळी एक ग्रंथ उघडून आपली मर्यादा पाहावी लागे.

आता एका गोष्टीकडे लक्ष द्या. तोरातील बहुतेक आज्ञांची कारणे तोराने सांगितलेली नाहीत. परंतु राजावरच्या या निषेधांपैकी दोहोंची कारणे तिथल्या तिथे दिली आहेत. घोडे का नकोत, तर लोक मिसरकडे परततील म्हणून. बायका का नकोत, तर मन बहकेल म्हणून. तालमुदच्या सान्हेद्रिन ग्रंथात रब्बी यित्सहाक यांनी यावर फार मार्मिक विवेचन केले आहे. आज्ञांची कारणे उघड का केली नाहीत, असे ते विचारतात. त्याचे उत्तर ते असे देतात की, दोन ठिकाणी कारणे उघड केली आणि नेमका तिथेच जगातला थोर पुरुष अडखळला. शलोमोने विचार केला की, मन बहकू नये एवढाच जर हेतू असेल, तर मी बायकाही करीन आणि माझे मनही ताब्यात ठेवीन. लोकांनी मिसरकडे परतू नये एवढाच जर हेतू असेल, तर मी घोडेही घेईन आणि लोकांना तिकडे जाऊ देणार नाही.

आज्ञा त्याला समजली नव्हती असे नाही. ती इतरांपेक्षा अधिक समजल्यामुळेच ती आपल्याला लागू नाही असे त्याला वाटले. सामान्य माणूस कुंपण पाहून मागे फिरतो. शहाणा माणूस कुंपण कशासाठी घातले आहे हे जाणतो, आणि म्हणून त्यातून एक वाट काढू शकतो.

ऐकणारे अंतःकरण

शलोमोचे शहाणपण खोटे होते, असे कोणी समजू नये. गिवओन येथे स्वप्नात देवाने त्याला काय हवे ते माग म्हणून सांगितले. तेव्हा त्या तरुण राजाने दीर्घायुष्य, संपत्ती किंवा शत्रूंचा नाश यांपैकी काहीही मागितले नाही. त्याने मागितले ते लेव शोमेआ, म्हणजे ऐकणारे अंतःकरण. लोकांचा न्याय करायचा आहे आणि आपण पोरसवदा आहोत, याची त्याला जाणीव होती.

पुढे एका तान्ह्या मुलावर हक्क सांगत दोन स्त्रिया त्याच्यासमोर आल्या. त्या राजदरबारी वजन असलेल्या कोणी नव्हत्या; समाजाने बाजूला टाकलेल्या होत्या. तरीही राजाने दोघींचे म्हणणे पूर्ण ऐकले, आणि त्या ऐकण्यातूनच त्याला खरी आई सापडली. मेलाखीमच्या ग्रंथात नोंद आहे की त्याने 3000 दृष्टांत सांगितले आणि 1005 गीते रचली. लबानोनच्या देवदारापासून भिंतीतून उगवणाऱ्या झुडपापर्यंत सर्व वनस्पतींविषयी आणि पशुपक्ष्यांविषयी तो बोलत असे.

परंतु त्याच ग्रंथाच्या 11 व्या अध्यायात, राजा वृद्ध झाल्यावर, पुन्हा तोच शब्द येतो: लेव, अंतःकरण. त्याच्या बायकांनी त्याचे अंतःकरण वळविले, असे तिथे म्हटले आहे. आरंभी जे अंतःकरण ऐकण्यासाठी मागितले होते, तेच अखेरीस हातचे गेले. या दोन प्रसंगांमध्ये सुमारे चाळीस वर्षांची कारकीर्द आहे. तेव्हा आपल्याला पाहायचे आहे ते हे की, या चाळीस वर्षांत नेमके काय झाले.

प्रत्येक वेळी एक चांगले कारण

ग्रंथ बारकाईने वाचला तर एकाएकी झालेला अधःपात कुठेच दिसत नाही. गिवओनच्या स्वप्नाच्या अगदी आधीच, तिसऱ्या अध्यायाच्या पहिल्या ओळीत, पारोच्या कन्येशी त्याचा विवाह झाल्याची नोंद आहे. या विवाहात काय वाईट होते? मिसरसारख्या बलाढ्य राज्याशी सोयरीक जुळली आणि दक्षिणेची सीमा सुरक्षित झाली. दावीद हामेलेखचे आयुष्य लढायांत गेले होते. मुलाने लग्नसंबंधांनी शांतता आणली, तर कोणता मंत्री त्याला नावे ठेवील?

मग बेथ हामिकदाश बांधायचे ठरले. त्यासाठी लबानोनचे देवदार हवे होते. इस्राएलमधून 30000 माणसे वेठीला धरण्यात आली. दर महिन्याला 10000 याप्रमाणे ती एक महिना लबानोनात आणि दोन महिने घरी राहत. शिवाय 70000 ओझेकरी आणि डोंगरात दगड फोडणारे 80000 होते. कार्य पवित्र होते, म्हणून कोणी तक्रार केली नाही. बेथ हामिकदाश 7 वर्षांत पुरे झाले. त्यानंतर राजाने स्वतःचा वाडा बांधायला घेतला, आणि त्याला 13 वर्षे लागली. ग्रंथकार यावर एक अक्षरही टीका करीत नाही. तो फक्त दोन्ही आकडे एकापुढे एक मांडतो. माझ्यासारख्या हिशेबनिसाला ती मांडणीच पुरेशी बोलकी वाटते.

सोन्याचेही तसेच झाले. एका वर्षात त्याच्याकडे 666 किक्कार सोने येई, आणि येरुशालाईममध्ये रुप्याला दगडांइतकीच किंमत राहिली. रथ 1400 झाले, स्वार 12000 झाले. घोडे आणि रथ मिसरमधून येत. एका रथाला 600 आणि एका घोड्याला 150 शेकेल रुपे पडे, आणि शलोमोचे व्यापारी ते शेजारच्या राजांनाही पुरवीत. देशाच्या संरक्षणासाठी रथ लागतातच आणि व्यापाराने खजिना भरतो, हेही कोणी नाकारणार नाही. शेवटी राजकुळातल्या 700 बायका आणि 300 उपस्त्रिया झाल्या. यातल्या पुष्कळ सोयरिकींमागे एखादा तह, एखादा करार असेल.

म्हणजे तोराने सांगितलेल्या तिन्ही मर्यादा त्याने ओलांडल्या, पण त्यांतली एकही मस्तीत ओलांडली नाही. प्रत्येक वेळी राज्याच्या हिताचे एक कारण हाताशी होते. मला वाटते, शहाण्या माणसाकडे मोह येतो तो याच वेषात. अविचारी माणसाला कारण लागतच नाही. शहाण्याला लागते, आणि तो शहाणा असल्यामुळे ते त्याला नेहमी सापडते.

त्या बायकांनी आपापल्या देवांसाठी जागा मागितली. तहासाठी आणलेल्या राजकन्येला तिचे दैवत कसे नाकारावे? येरुशालाईमच्या समोरच्या टेकडीवर मोआबच्या कमोशसाठी आणि अम्मोनच्या मोलेखसाठी उंचवटे उभे राहिले. तालमुदमध्ये एक मत असेही आहे की शलोमोने स्वतः मूर्तिपूजा केली नाही. त्याने बायकांना अडविले नाही, म्हणून दोष त्याच्या नावावर लिहिला गेला. हे मत राजाचा कैवार घेणारे आहे, परंतु नीट पाहिले तर ते अधिक कठोर आहे. आपण स्वतः काही केले नाही, एवढे म्हणून पुढाऱ्याची सुटका होत नाही. आपल्या डोळ्यांदेखत जे झाले आणि आपण ज्याला हरकत घेतली नाही, तेही आपल्याच खात्यावर पडते.

आणि ते उंचवटे राजाबरोबर गेले नाहीत. योशियाहू राजाने ते भ्रष्ट करून मोडून टाकीपर्यंत सुमारे 300 वर्षे ते तिथेच होते. शलोमोचा मुलगा रेहावाम गादीवर आला तेव्हा लोक शेखेम येथे त्याला भेटले आणि बापाने लादलेले जू हलके करावे एवढेच त्यांनी मागितले. जाणत्यांनी सांगितले, ऐक. बरोबरीच्या तरुणांनी सांगितले, दरडाव. त्याने दरडाविले, आणि 10 वंश राज्यातून फुटून गेले. ज्याने ऐकणारे अंतःकरण मागितले होते, त्याच्या पोटच्या मुलाला ऐकणे ठाऊक नव्हते. आपल्या घरात मुले आपण सांगतो ते शिकत नाहीत, आपण वागतो ते शिकतात, हे निराळे सांगायला नको.

उशाखालच्या किल्ल्या

मिद्राशमध्ये एक कथा आहे. बेथ हामिकदाशचे काम पुरे झाले त्याच रात्री शलोमोने पारोच्या कन्येशी विवाह केला. रात्रभर उत्सव चालला. सकाळ झाली, दिवसाचा चौथा तास आला, तरी राजा उठेना. बेथ हामिकदाशच्या किल्ल्या त्याच्या उशाखाली होत्या. कोहानीम दाराशी उभे होते, रोजचे अर्पण खोळंबले होते, आणि राजाला उठविण्याचे धाडस कोणाला होत नव्हते. शेवटी त्याची आई बाथशेवा आत गेली आणि तिने त्याची कानउघाडणी केली.

या कथेत राजाने काही चोरले नाही, कोणाला मारले नाही, मूर्तीपुढे वाकला नाही. तो फक्त झोपला. परंतु सगळ्या समाजाच्या किल्ल्या एकाच माणसाच्या उशाखाली असल्या की त्याच्या झोपेनेही देवाची सेवा बंद पडते.

दावीद हामेलेखही पापात पडला होता, आणि ते पाप लहान नव्हते. पण त्याच्याकडे नाथान नबी येऊ शकला. गरिबाची एकुलती एक कोकरी बळकावणाऱ्या श्रीमंताची गोष्ट त्याने राजाला सांगितली आणि तो माणूस तूच आहेस, असे त्याच्या तोंडावर म्हटले. दावीदने त्याला कैदेत टाकले नाही. मी पाप केले, एवढेच तो म्हणाला. शलोमोच्या भरभराटीच्या वर्षांत असा कोणी नबी त्याच्यासमोर उभा राहून बोलल्याचे मला ग्रंथात आढळत नाही. अहिया नबी बोलला, पण तो रस्त्यात यारोवामशी बोलला. नव्या वस्त्राचे 12 तुकडे करून त्यांतले 10 त्याच्या हाती दिले. म्हणजे बाप आणि मुलगा यांच्यांतला फरक मोहात नव्हता. एकाला प्रश्न विचारणारा माणूस होता आणि दुसऱ्याच्या सभोवती फक्त वाहवा करणारे होते. शबाची राणीसुद्धा त्याला कोडी घालायला आली आणि त्याचे गुणगान करून परत गेली.

माझे देणे

आता माझ्याविषयी. आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक आहे की मी 19 वर्षे या संस्थेचा खजिनदार होतो. कपाटाची किल्ली माझ्या घरी, निजायच्या खोलीतल्या खिळ्याला असे. चेकवर दोघांच्या सह्या हव्यात असा नियम होता. माझे सहकारी गुडघेदुखीने हैराण, घर दूर. त्यांना दर वेळी कशाला त्रास द्यायचा, म्हणून ते दहा-दहा कोऱ्या चेकांवर सही करून ठेवीत. हे उभयतांच्या सोयीचे होते. नियमाचे कारण मला चांगले ठाऊक होते: अफरातफर होऊ नये. मी अफरातफर करणारा नव्हतो. तेव्हा नियम माझ्यासाठी नव्हता. रब्बी यित्सहाक यांचे विवेचन मी त्या वेळी वाचलेले नव्हते, पण त्याचे तंतोतंत उदाहरण मी झालो होतो.

माझ्या मुलीच्या लग्नाच्या वेळी कार्यालयाची उरलेली रक्कम अचानक आधी भरावी लागली. माझी बँकेतली ठेव 11 दिवसांनी मोकळी होणार होती. ती आधी मोडली असती तर व्याज बुडाले असते. मी दुरुस्ती निधीतून 18000 शेकेल काढले आणि बाराव्या दिवशी पुरतेपणी परत भरले. रोजकीर्दीत मी त्याची नोंद केली नाही. संस्थेचे एक अगोराही नुकसान झाले नाही, आणि त्या रात्री मी शांत झोपलो. हे मुद्दाम सांगतो, कारण मन खाईल तेव्हाच आपण चुकलो असे पुष्कळांना वाटते. माझे मन मला खात नव्हते. त्याच्याकडे कारण तयार होते.

सात-आठ महिन्यांनी वार्षिक सभेत एक तरुण उभा राहिला आणि बँकेचा उतारा पाहायला मिळेल का, असे त्याने नम्रपणे विचारले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तू जन्मला नव्हतास तेव्हापासून मी या सिनेगॉगची सेवा करतो, वडिलांच्या वयाच्या माणसावर संशय घेतोस काय, असे मी भर सभेत त्याला सुनावले. लोकांनी टाळ्या वाजविल्या. तो खाली बसला. पुढच्या शाब्बाथला तो आला नाही, आणि त्यानंतरही आला नाही.

माझ्यावर विश्वास असणाऱ्यांच्या त्या टाळ्या मला दोन-तीन दिवस गोड लागल्या. मग त्या खुपू लागल्या. मला राग का आला होता, हे मी स्वतःला विचारले. उताऱ्यात ते 11 दिवस नसते, तर मी हसून तो उतारा त्याच्या हाती दिला असता.

तरीही पुढचा एलूल यायला वर्ष गेले. सेलिहोथला पहाटे उठत होतो, छाती बडवीत होतो. योमाच्या मिश्नामध्ये स्पष्ट आहे की माणसाने माणसाविरुद्ध केलेल्या अपराधाची क्षमा योम किप्पूर मिळवून देत नाही, जोवर तो त्या माणसाची समजूत घालीत नाही. आपले वाडवडील ज्याला दारफळणीचा सण म्हणत, त्या दिवशी दारे बंद होण्याआधी मला एका दाराशी जायचे होते. मी समितीला सर्व लेखी कळविले, राजीनामा दिला आणि त्या तरुणाच्या घरी गेलो.

त्याने चहा दिला, सगळे ऐकून घेतले आणि म्हणाला, "काका, मला तुम्हाला पकडायचे नव्हते. आईने बाबांच्या आठवणीसाठी सिद्दुरांच्या कपाटाला पैसे दिले होते. दोन वर्षे झाली, कपाट झाले नाही. पैसे जमा तरी झाले का, एवढेच तिला पाहायचे होते." थोडे थांबून तो म्हणाला, "पैशाचे काही नाही, काका. पण त्या दिवशी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, तेव्हा आई तिथे बसली होती."

पैसे जमा होते. कपाट मीच आज-उद्या करीत लांबणीवर टाकले होते. आता ते तिथे, त्या भिंतीशी उभे आहे. मायलेकांनी मला क्षमा केली. तो तरुण मात्र आज दुसऱ्या सिनेगॉगमध्ये तेफिला करतो. तिथे त्याचे मित्र आहेत, मुलांना तिथली सवय झाली आहे. 18000 शेकेल मी बाराव्या दिवशी परत भरले, पण हा माणूस मला परत भरता आलेला नाही. समितीने तेव्हा माझी लाज झाकली, त्याबद्दल मी ऋणी आहे. परंतु मी त्याला भर सभेत बोललो होतो, म्हणून त्याची आणि त्याच्या आईची माफीही भर सभेत मागणे मला भाग होते. ती मी आज मागत आहे. त्यांचे नाव मी घेत नाही, पण ज्यांनी त्या दिवशी टाळ्या वाजविल्या त्यांना ते आठवेल.

मोशे राबेनूंचा हिशेब

सुक्कोथनंतर होणाऱ्या सर्वसाधारण सभेपुढे तीन सूचना आहेत: खजिनदाराने तीन वर्षांहून अधिक काळ राहू नये, कपाटाला दोन कुलुपे व दोन वेगळ्या घरी किल्ल्या असाव्यात, आणि दर तीन महिन्यांनी जमाखर्च व बँकेचा उतारा फलकावर लावावा. काही ज्येष्ठांना यात सेवकांचा अपमान वाटतो. त्यांचे दुःख मला कळते, कारण तसेच मलाही वाटले होते. त्यांनी कृपा करून दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात.

पहिली मोशे राबेनूंची. मिश्कान पुरे झाल्यावर सोने, रुपे आणि तांबे किती आले व कशात लागले याचा हिशेब शेमोथच्या अखेरीस दिला आहे. मिद्राश म्हणतो की हा हिशेब कोणी मागितला नव्हता. लोक पाठीमागे कुजबुजतात हे मोशेंच्या कानी आले आणि त्यांनी आपण होऊन तो मांडला. मांडताना 1775 शेकेल रुप्याचा ताळमेळ लागेना. ज्यांच्याशी देव समोरासमोर बोलला ते मोशे राबेनू, कुठे गेले हे रुपे, म्हणून चिंतेत बसले. मग त्यांची नजर वर गेली आणि खांबांच्या आकड्या दिसल्या. रुपे तिथे लागले होते. मोशेंनी उतारा मागणाऱ्यावर डोळे वटारले नाहीत. ज्यांच्या प्रामाणिकपणाविषयी शंका असूच शकत नाही, त्यांनाही हिशेब देण्यात कमीपणा वाटला नाही.

दुसरी गोष्ट शेकालीमच्या मिश्नातील. बेथ हामिकदाशच्या कोठारात पैसे काढायला जाणाऱ्याने दुमड असलेले वस्त्र किंवा पायताण घालून जाऊ नये. पुढे तो श्रीमंत झाला तर कोठारातून झाला असे लोकांनी म्हणू नये, आणि गरीब झाला तर कोठाराच्या पापाने झाला असेही म्हणू नये. माणसाने देवापुढे निर्दोष असावे तसेच लोकांपुढेही असावे. समाजाच्या पैशावर दोघांहून कमी माणसांचा अधिकार नसावा, हेही तिथेच सांगितले आहे. हे नियम चोरांसाठी केलेले नाहीत. चोर वस्त्र बदलून येईलच. ते सज्जनांच्या रक्षणासाठी आहेत. माझ्या सहकाऱ्याने त्या कोऱ्या चेकांवर सही केली नसती, तर त्याने माझ्यावर केवढे उपकार केले असते, हे मला आज कळते.

आपल्या पूर्वजांकडे पाहा. कोकणातल्या गावांत त्यांच्याजवळ तोराचे ग्रंथ नव्हते, तालमुद नव्हता, कारणे समजावणारा हाखाम नव्हता. तेलाचा घाणा हेच त्यांचे पोट होते, आणि तो ते शनवारी बंद ठेवीत. म्हणून शेजाऱ्यांनी त्यांना शनवार तेली हे नाव दिले. का बंद ठेवता, असे कोणी विचारले असते तर कदाचित त्यांना विद्वानासारखे उत्तर देता आले नसते. परंतु घाणा बंद राही. शलोमो हामेलेखला सर्व कारणे ठाऊक होती. त्याला न साधलेली एक गोष्ट त्या अशिक्षित तेल्यांना साधली: मी निराळा आहे, माझ्यापुरते चालेल, असे ते म्हणाले नाहीत.

मी ज्ञानाला कमी लेखत नाही. आपली मुले विद्यापीठांत शिकतात याचा मला अभिमान आहे. पण पिरके आवोथमध्ये हिल्लेल बजावतात की मरणाच्या दिवसापर्यंत स्वतःवर भरवसा ठेवू नये, आणि तालमुद त्याला योहानान कोहेन गादोलचे उदाहरण जोडतो. 80 वर्षे सेवा करून तो अखेरीस बहकला. ज्याला 80 वर्षे पुरली नाहीत, त्याच्यापुढे माझी 19 वर्षे काय!

परंपरा सांगते की कोहेलेथ हा ग्रंथ शलोमोने म्हातारपणी लिहिला. सर्व बांधून, सर्व साठवून, सर्व उपभोगून झाल्यावर त्या ग्रंथाच्या शेवटी तो कशावर येतो? देवाचे भय बाळगा आणि त्याच्या आज्ञा पाळा, एवढ्यावरच. तरुणपणी हा मार्ग त्याच्या हाती होता. रोज वाचायची प्रत त्याच्याजवळ असायला हवी होती. तो तिथे परत आला, पण राज्याचे तुकडे होण्याचे टळले नाही.

एलूल चालू आहे. हे दिवस हिशेबाचे आहेत. माझी ज्येष्ठांना विनंती आहे की सभेत कोणी तरुण प्रश्न विचारायला उठला तर त्याला बोलू द्यावे. आणि तरुणांना विनंती आहे की प्रश्न विचारायला संकोच करू नये, फक्त आवाज मृदू ठेवावा. त्या मुलाने ठेवला होता तसा.

देव आपणां सर्वांना ऐकणारे अंतःकरण देवो, आणि ते वृद्धापकाळापर्यंत टिकवो. शाना तोवा. आमेन.